दिवेलागणीच्या आत परत

४ जानेवारी

नव्या वर्षाची डायरी सूनबाईला ऑफिसात फुकट मिळाली, तिने ती मला दिली. वाया जाऊ नये म्हणून लिहायला घेतेय. हिशेबाच्या वहीत दूध, किराणा, वीज यांना रकाने आहेत, मनाला नाही. ही कोणी वाचायची नाही. देव वाचेल, पण त्याला लिहायच्या आधीच कळलेलं असतं, तेव्हा त्याला धरायला नको.

संकल्प: जप करताना फक्त जप. कोणाची निंदा नाही. दुपारची झोप बंद.

दुपारी जरा डोळा लागला. उद्यापासून.

६ जानेवारी

वाचनालयाच्या दारावर कागद लावलाय. बऱ्याच वर्षांत ज्या पुस्तकांना मागणी नाही ती मार्चअखेर काढणार. त्या जागी ‘ई-बुक कोपरा’. टेबलं येणार, टॅब येणार.

कोणतं कपाट, म्हणून ग्रंथपालबाईंना विचारलं. शिक्क्याच्या पॅडकडे बघत म्हणाल्या, खिडकीजवळचं. म्हणजे भक्तीचं. म्हणजे अक्कांचं.

अक्का माझ्या मोठ्या जाऊबाई. दीर गेल्यापासून दुपारी त्यांना घर खायला उठतं. जेवण उरकलं की वाचनालयात जाऊन त्या कपाटाखालच्या बाकावर बसतात. मांडीवर एक जाडजूड पुस्तक, नेहमी तेच. कपाट हललं की बाकही हलणार. मग त्यांनी दुपारभर काय, भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायचं?

ठरलं. कपाट वाचवायचं. मॅट्रिकला निबंधात वर्गात पहिली आले होते, निवेदन लिहिणं काही अवघड नाही.

अक्कांना म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी आहे. म्हणाल्या, तेवढीच काळजी आहे.

९ जानेवारी

ग्रंथपालबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, ती पुस्तकं घरी घेऊन जा, कार्डावर नोंद करा. संगणक नोंदी मोजतो, बाकावर बसलेली माणसं मोजत नाही. यंदा मोठ्या अक्षरांच्या प्रती मागवायला म्हणून पैसे बाजूला ठेवलेत, पण कपाटाला मागणी दिसली तरच.

मी स्पष्ट नाही म्हटलं. वाचून होणार नाही इतकी पुस्तकं नुसती आकड्यासाठी घरी न्यायची, म्हणजे देवाच्या पुस्तकावर हात ठेवून खोटी साक्ष. शिवाय दोन पुस्तकांत पिशवीची शिवण उसवते. माझा मार्ग सरळ आहे. रोज दुपारी अक्कांच्या शेजारी बसून वाचणार, आणि आपल्या हाताने जागेवर ठेवणार. ज्याला डोळे आहेत त्याला मागणी दिसेल.

बाई म्हणाल्या, संगणकाला डोळे नाहीत हो. मी म्हटलं, देवाला आहेत. त्या शिक्के मारायला लागल्या. पटलं असावं.

१२ जानेवारी

वाचनालयात बसले. पहिला अध्याय. छान आहे. दुसऱ्या पानावर डोळा लागला. अक्कांनी कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, उठ, मागणी घोरतेय.

१७ जानेवारी

निवेदनाचा मसुदा तयार. ‘ई-बुकांमुळे वाचकांची अभिरुची बिघडत असून’ असं सुरू केलंय. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तू कधी ई-बुक बघितलंयस का?

प्रश्न खोचक होता, पण रास्त. न बघता टीका म्हणजे निंदा, आणि निंदा न करण्याचा संकल्प आहे. म्हणून सूनबाईला सांगून फोनमध्ये वाचनालयाचं अ‍ॅप घालून घेतलं. ती हरखली. आई, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं बघा. मी म्हटलं, मला वाचायचं नाही, तपासायचंय.

१८ जानेवारी

तपासणी. सगळ्यात वर जे दिसलं ते उघडलं: ‘तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप’. खुनाची गोष्ट. पहिल्याच पानावर एक श्रीमंत म्हातारा मेलेला, खोली आतून बंद. असलं देतात हे लोक. निवेदनात घालायला उपयोग होईल म्हणून थोडं पुढे वाचलं.

पान ३१.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ‘परत करा’ दाबलं. आईची शिस्त. शेजारचं पातेलं असो की सुई, उसनं आणलेलं दिवेलागणीच्या आत परत. परक्याची वस्तू घरात असली की तिला झोप लागायची नाही. फोनमधलं दिसत नसलं तरी उसनं ते उसनंच.

१९ जानेवारी

एका दिवसाच्या तपासणीवरून मत बनवणं बरोबर नाही. सकाळी पुन्हा घेतलं. परत केलं की पानाची खूणही पुसली जाते, म्हणून पानाचा आकडा इथे लिहून ठेवणार.

घरात चौघं आहेत: पुतण्या, स्वयंपाकीण, डॉक्टर आणि मेलेल्याची बहीण. बहीण बिचारी देवभक्त आहे. रडून रडून तिचे डोळे सुजलेत आणि खुनी शोधा म्हणून इन्स्पेक्टरच्या मागे लागलीय. पुतण्याने केलं. माझी खात्री आहे.

पान ४४. दूध उतू गेलं. मांजराने सांडलं असं ह्यांना सांगितलं. आपल्याकडे मांजर नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

२३ जानेवारी

सकाळी जपाला बसले. एका हातात माळ, दुसऱ्या हातात फोन. मणी सरकतोय तसं पानही सरकतंय. नाव तोंडात चालूच होतं, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या जप झालाच. तरी देवाकडे बघवेना. शेवटी समईची वात जरा कमी केली.

हे दारातून म्हणाले, तुझ्या जपाला हल्ली बॅटरी लागते वाटतं.

पान ७९.

२८ जानेवारी

मोठा प्रसंग टळला. ह्यांनी विचारलंच, फोनमध्ये वाचतेस तरी काय? ते स्वयंपाकघरात येईपर्यंत मी ‘परत करा’ दाबून मोकळी. म्हटलं, काही नाही, बघा हवं तर. बघितलं. खरंच काही नव्हतं. खोटं बोलले नाही मी.

ही युक्ती चांगली आहे. पाऊल वाजलं की परत, पाऊल गेलं की पुन्हा घ्यायचं. आज असं पाच-सहा वेळा झालं. फुकट आहे म्हणून बरं. प्रत्येक वेळी फोनवर हिरवी बरोबरची खूण येते. देवाघरचं उत्तर असल्यासारखी वाटते.

३ फेब्रुवारी

सह्या गोळा करायला बाहेर पडले. पहिली सही अक्कांची, थरथरती पण वळणदार. शिंपिणीने सही केली. मग म्हणाली, मी तर त्या अ‍ॅपवर शिवणाची पुस्तकं बघते, ती बंद नाही ना होणार? तिला म्हटलं, आपला विरोध फक्त वाईट पुस्तकांना आहे. ती म्हणाली, वाईट कोणती हो, नावं सांगा की. दोन-तीन सांगितली. फारच उत्सुकतेने लिहून घेतली तिने.

घरी येऊन पान १२६. पुतण्या त्या रात्री गावात नव्हता. मग स्वयंपाकीण. विष चहातून गेलंय, आणि चहा कोण करतं?

९ फेब्रुवारी

वाचनालयात दुपारी बसले. भक्तीचं पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर पंधरा मिनिटं राहिले. डोक्यात कुलूप. अक्का विचारत होत्या, पुढच्या वर्षी हे कपाट असेल ना गं? मी म्हटलं, असेल म्हणजे, असणारच. मग मान खाली घातली. पुस्तकात देवाचं चित्र होतं, त्याचीही मान खालीच होती.

रात्री झोप लागली नाही. ई-पुस्तक परत केलेलं होतं, म्हणजे त्यामुळे नाही.

१४ फेब्रुवारी

आजपासून बंद. अ‍ॅप काढून टाकायचं. सूनबाईला विचारलं कसं काढतात. ती म्हणाली, का हो आई, आवडलं नाही? तिचा चेहरा इतका पडला की राहू दिलं. दुसऱ्याचं मन मोडणं हेही पापच.

पान १६८.

२० फेब्रुवारी

ग्रंथपालबाई आनंदात दिसल्या. म्हणाल्या, ई-पुस्तकांना या महिन्यात इतकी मागणी आहे की समितीला विश्वास बसत नाही. मी म्हटलं, लोकांना कामधंदे उरले नाहीत. त्या म्हणाल्या, विशेषतः खुनाच्या गोष्टी. मी म्हटलं, कठीण आहे सगळं. आणि मनापासून म्हटलं. समाज कुठे चाललाय या विचाराने घरी येईपर्यंत मन थाऱ्यावर नव्हतं.

संध्याकाळी मन शांत करायला पान २०२.

२ मार्च

अक्कांकडून कात्री आणली होती. दिवे लागायच्या आत परत द्यायला धावत गेले. त्या दारातच हसल्या. एकदा मी अंगात ताप असताना त्यांची सुई परत करायला गेले होते, तेव्हापासून त्यांना ही गोष्ट पुरलीय. म्हणाल्या, तुझ्या आईने तुला दूध नाही, घड्याळ पाजलं.

त्यांचं घर फार स्वच्छ आहे. एका माणसाचं घर मळणार कसं? खुर्चीवर दिरांचा चष्मा अजून तसाच ठेवलेला. दुपारी चारच्या उन्हात त्याची सावली भिंतीवर पडते, ती सावली दिसायला लागली की वाचनालयातून परत यायची वेळ झाली असं त्या धरतात म्हणे. मग वाचनालयात बसून घरातली सावली कशी दिसते, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

निवेदनावर आता बऱ्याच सह्या आहेत. कपाट वाचणार. माझी खात्री आहे.

११ मार्च

स्वयंपाकीण निर्दोष. तिला चहाच करता येत नाही असं निघालं. आता डॉक्टर. बहिणीने इन्स्पेक्टरला स्वतः सांगितलं की डॉक्टरवर नजर ठेवा. किती काळजी तिला.

पान २५१. भाजी करपली. ह्यांनी निमूटपणे खाल्ली, आणि म्हणाले, आज कोण मेलं?

मी ताक वाढलं. त्यांना संशय आहे की नुसता विनोद, कळायला मार्ग नाही.

२० मार्च

मीटिंग झाली. जसं घडलं तसं लिहिते. कमी-जास्त नको.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या. समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. पहिल्या रांगेत मी, मांडीवर निवेदन, शेजारी अक्का. त्या चांगली साडी नेसून आल्या होत्या.

ग्रंथपालबाईंनी आकडे वाचले. भक्तीचं कपाट, तीन महिन्यांत घरी नेलेली पुस्तकं: एकही नाही. मी उठून म्हटलं, रोज दुपारी आम्ही दोघी वाचत बसतो, ते दिसलं नाही का? बाई हळू आवाजात म्हणाल्या, मला दिसलं, पण कागदावर नाही.

मग ई-पुस्तकं. त्यात एकट्या ‘तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप’ला दोनशेहून जास्त वेळा मागणी. खोलीत कुजबुज झाली. वाचनालय सुरू झाल्यापासून एका पुस्तकाला इतकी मागणी कधीच नव्हती. ई-पुस्तकाच्याही प्रती विकत घ्याव्या लागतात म्हणे, आणि इतके वाचक रांगेत असतील म्हणून समितीने आणखी प्रती घेतल्या. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. अध्यक्ष म्हणाले, लोकांना काय हवंय ते समोर दिसतंय, आपण तोंड उघडं ठेवून बसायचं नाही.

मी पुन्हा उभी राहिले. संताप अनावर झाला होता, न रागावण्याचा संकल्प करायचा राहूनच गेला होता. म्हटलं, कोण आहेत ही माणसं? एकच खुनाची गोष्ट दोनशे वेळा नेतात, यांना घरदार आहे की नाही? यांच्यापायी एका एकट्या बाईची बसायची जागा जातेय, याची यांना काही लाज? मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. शिंपीणही वाजवत होती.

बाई म्हणाल्या, नावं सांगता येत नाहीत, नियम आहे. पण गंमत बघा. जवळजवळ सगळ्या नोंदी सारख्या आहेत. पुस्तक सकाळी नेलं जातं आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला परत येतं. रोज. कधी कधी मध्येच पाच-सहा वेळा जातं-येतं.

अध्यक्ष म्हणाले, शिस्तीचे वाचक आहेत.

मी उभीच होते. कोणीतरी मागून बसा म्हणालं. बसले. अक्का समोर बघत होत्या. मान न वळवता हळूच म्हणाल्या, तुझ्या आईचं नाव काढलंस हो.

निवेदन मांडीवरून पिशवीत गेलं, पुन्हा बाहेर निघालं नाही.

२१ मार्च

जप झाला नाही. पान नाही. काही नाही.

२३ मार्च

ठरवलं, ग्रंथपालबाईंना सगळं सांगून टाकायचं. आंघोळ करून, देवाला नमस्कार करून निघाले. शब्दही पाठ केले होते.

मी तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, बरं झालं ई-पुस्तकांचे आकडे वर गेले, नाहीतर समिती दुपारचं वाचनालयच बंद करायच्या विचारात होती. आता वर्षभर तरी कोणी काही बोलणार नाही.

म्हणजे मी बोलले तर वाचनालय जाणार. शिंपिणीचं जाणार, सगळ्यांचं जाणार. अशा वेळी गप्प राहणं हाच त्याग. बाईंना म्हटलं, पेन मिळेल का जरा? पेन घेऊन तिथेच अर्ध्या तासाने परत दिलं. काही लिहिलं नव्हतं.

वाटेत विचार केला, नक्की किती जणांसाठी गप्प आहे मी. मोजायचं टाळलं.

३० मार्च

कपाट हललं. पुस्तकं पोत्यात भरून दाराशी ठेवलेली, ज्याला हवी त्याने न्यावीत, फुकट. अक्कांचं ते जाडजूड मी पोत्यातून शोधून काढलं आणि त्यांच्या घरी नेऊन दिलं. वाटलं, निदान एवढं तरी.

अक्कांनी ते हातात घेतलं, कव्हरवरून हात फिरवला. म्हणाल्या, ठेव तिकडे. गेली दोन वर्षं यातलं अक्षर मला दिसत नाही.

मी विचारलं, मग रोज मांडीवर घेऊन काय करायच्या?

म्हणाल्या, नुसतं बाकावर बसलेलं बरं दिसत नाही गं. पुस्तक असलं की कोणी उठ म्हणत नाही.

मोठ्या अक्षरांची पुस्तकं येणार होती ती याच वर्षी. मी पाणी पिऊन निघाले. भांडं त्यांचं होतं, विसळून जागेवर ठेवलं.

२ एप्रिल

वाचनालयात जाऊन बघितलं. खिडकीशी टेबल, टेबलावर चार टॅब, समोर चार गोल स्टुलं. त्यांना पाठ नाही. अक्कांना पाठीशिवाय बसवत नाही. एकही स्टूल भरलेलं नव्हतं. चारही पडद्यांवर तेच एक पुस्तक, वर लिहिलेलं: वाचकांची सर्वांत आवडती निवड.

३ एप्रिल

संकल्प: अक्कांना रोज दुपारी आपल्याकडे बोलवायचं. प्रायश्चित्त म्हणून नाही, घरात पंखा एकीऐवजी दोघींना पुरतो म्हणून.

आल्या. पाठीला उशी दिली. दोघी बसून राहिलो. मी भाजी निवडायला घेतली, तीच पुन्हा निवडली. मग अक्का म्हणाल्या, दाखव तुझं ते. त्यात अक्षर मोठं होतं म्हणे.

मी म्हटलं, काय दाखवू?

म्हणाल्या, कुलूप.

मी फोन दिला. अक्षर मोठं करून दिलं, मग आणखी मोठं, एका पानावर जेमतेम पाच ओळी बसतील इतकं. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, आणि वाचायला लागल्या. खरंच वाचत होत्या. ओठ हलत होते. मी त्यांना याआधी वाचताना बघितलंच नव्हतं असं लक्षात आलं.

दिवेलागण झाली. म्हटलं, अक्का, परत करायला हवं. त्या म्हणाल्या, थांब, म्हातारा आत्ताच मेलाय. फोन घरी घेऊन गेल्या. उसनं आणलेलं रात्रभर परत गेलं नाही, पहिल्यांदाच. दिवा लावला. आईच्या फोटोकडे बघितलं नाही.

८ एप्रिल

अक्का माझ्या पुढे गेल्या. मी पान २८७ वर अडकलेय, कारण फोन त्यांच्याकडे असतो. सूनबाईला हे सांगता येत नाही, ह्यांना तर नाहीच. हे परवा म्हणाले, वहिनी हल्ली दुपारी तुझ्याकडे जपाला येतात वाटतं.

मी हो म्हटलं.

१२ एप्रिल

अक्कांचं पुस्तक संपलं. खून कोणी केला म्हणून मी विचारलं नव्हतं, चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकलं. बहिणीने.

मी म्हटलं, शक्यच नाही. ती देवभक्त होती. पहिल्या पानापासून तीच तर खुनी शोधा म्हणून सगळ्यांच्या मागे लागली होती.

हो ना, अक्का म्हणाल्या. अगदी मनापासून शोधत होती बिचारी. मग बशी पुढे करून म्हणाल्या, चहात साखर कमी आहे.

साखर घालून दिली. फोन अजून त्यांच्याचकडे आहे. त्यांनी दुसरा भाग उघडलाय, माझ्या नावावर.